बुधवारचा तास

तौनोने पायमोज्यांवरच सगळ्या घराला एक फेरी घातली, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. फिनलंडमधल्या ताम्पेरेत याला चांगली सुरुवात म्हणतात.

त्याची लेक हिल्ला दाराशी जीव मुठीत धरून उभी होती. हे तिचं पहिलंवहिलं भाड्याचं घर ठरायचं होतं, म्हणजे आधी बापाच्या पसंतीला उतरायचं होतं. कारण जामीनदार म्हणून सही त्याची लागणार होती. तीन घरं त्याने आधीच उडवली होती. एक, फ्रिज गुणगुणतो म्हणून. दुसरं, खिडक्या उत्तरेला म्हणून. तिसरं, दलाल फार बोलतो म्हणून. तिसऱ्याच्या बाबतीत त्याचं म्हणणं हिल्लालाही पटलं होतं.

त्याने नळ सोडून पाहिला. खिडकीच्या फटीशी गाल नेऊन वारा लागतो का ते पाहिलं. न्हाणीघरात वाकून कोपऱ्यांचा वास घेतला. घरमालकीण रौनीबाई हे सगळं घोडा विकायला आलेल्या माणसाच्या शांतपणाने बघत होत्या.

"दात तेवढे मोजायचे राहिलेत," त्या हिल्लाच्या कानाशी लागून म्हणाल्या.

"भिंत," तौनो म्हणाला, आणि बोटाच्या पेरांनी टकटक करून पाहिलं. "पलीकडे कोण?"

"मीच. एकटी असते. रेडिओसुद्धा लावत नाही."

"शेजाऱ्याच्या शिंका मोजत बसायचं, ते काय घर झालं?"

"मग जा की माझ्याकडे, आणि बोलून बघा. दार उघडंच आहे."

तौनो जागचा हलला नाही. "काय बोलू?"

"काहीही बोल, बाबा," हिल्ला म्हणाली. "नेहमीसारखा बोल."

"नेहमी मी बोलतो कुठे?" तो म्हणाला, पण गेला.

दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग खाकरणं ऐकू आलं. तेही इतकं स्वच्छ, की रौनीबाईंनी डोळे मिटून घेतले.

"एक, दोन, तीन," भिंत म्हणाली. तिथेच अडली. आकडे संपले असावेत.

"शनिवारी वाफ घ्यायला घरची सौना तापवायची," भिंत पुढे म्हणाली, "तर लाकडं लागायची तेवढी लागतातच. एक जण बसो, नाहीतर दोघं बसोत." थोडं थांबून, जरा खालच्या आवाजात, पण तेही नीट ऐकू आलं: "एकट्यापुरती मी काही तापवणार नाही. बस्स. झालं बोलून."

रौनीबाई खिडकीची चौकट पुसायला लागल्या. हातात फडकं नव्हतं, बाहीनेच पुसत होत्या. हिल्ला भिंतीकडेच बघत राहिली.

तौनो परत आला. कान लाल झाले होते. "आलं ऐकू?"

"नाही," हिल्ला म्हणाली. "शब्दसुद्धा नाही. तू बोललास तरी का?"

"मला तर तसंही कमीच ऐकू येतं," रौनीबाई चौकटीला उद्देशून म्हणाल्या.

तौनोने मान डोलावली. हायसं वाटलं की वाईट, हे त्याच्या चेहऱ्यावरून आजवर कुणाला कळलेलं नाही. त्याने चष्मा लावला, टेबलावरचा करार पुढे ओढला आणि खिशातून पेन काढलं.

"खालच्या सौनाचं तेवढं ठरवून टाकू," रौनीबाई उत्साहाने म्हणाल्या. "प्रत्येक बिऱ्हाडाला आठवड्याला एक तास. नशीबवान आहेस हो, पोरी. शनिवार संध्याकाळचा तास परवाच मोकळा झालाय. लोक त्यासाठी वर्षानुवर्षं टपून बसलेले असतात. कोणी मेल्याशिवाय मिळत नाही."

"दुसरा कुठला आहे?"

"दुसरा? बुधवारी रात्री नऊचा. तो कोणीच घेत नाही."

"मला बुधवारचा द्या."

रौनीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि करारावर बुधवार लिहून टाकला.

तौनोचं पेन कागदावर टेकता टेकता थांबलं. "शनिवार सोडतं का कोणी?"

"मला शनिवारी काम असतं."

"कसलं काम?"

"असतं एक."

तौनोने चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं. मग वळून त्या भिंतीकडे पाहिलं, अगदी वरपासून खालपर्यंत. त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"भिंत पातळ आहे," तो म्हणाला, आणि सही केली.