दोन खणाचं माळवद

"एवढी भिंत पाडा," दगडाबाई म्हणाली, आणि शिवकांतानं डोक्यावरची मातीची पाटी तिथंच आदळली.

कालच तर कमरेपर्यंत आलेली भिंत. का पाडायची, तर खिडकी मावळतीला आली, ऊन थेट चुलीवर येतंय.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. प्यायला टँकर, अन् सासूला, दगडाबाईला, शेतात मातीच्या छताचं माळवद पाहिजे. सोसायटीतून पत्रे मिळत होते. पण म्हातारीचं एकच: पत्र्याखाली माणूस पापडावानी भाजतंय. मग पडक्या गढीची पांढरी माती वाहायची कुणी? शिवकांतानं. भांडी धुतलेलं पाणी साठवून चिखलात ओतायचं कुणी? तिनंच.

तरी दात खाऊन ती माती वाहत होती. म्हातारी एकदाची शेतात गेली की गावातलं घर तिचं एकटीचं. लग्न होऊन आल्यापासून तिथं मिठाचं मडकं हलवायचं तरी सासूला विचारावं लागायचं.

गोरोबा गवंड्यानं विचारलं, तिसरा खण काढून घर वाढवायचं का. दगडाबाईनं सुनेकडं बघितलं.

"बास की दोन," शिवकांता घाईनं म्हणाली. "सारवायला कमी. वारं लई छान हाय इथं. एकटं ऱ्हाण्यासारखं सुख न्हाय, आत्या."

दगडाबाईनं नुसती मान डोलावली.

मग चुलीवरनं घोळ. कोनाडा किती उंच, खुंटी कुठं, धूर जायला छताला सवणं नेमकं कुठं ठेवायचं. गोरोबा दोरी घेऊन म्हातारीचा हात मापायला गेला, तर ती म्हणाली, माझी हाडं आखडली, हिचा घे. शिवकांता भर उन्हात हात पसरून उभी. गोरोबानं कोपरापासनं बोटापर्यंत दोरी धरली, गाठ मारली अन् गालात हसला. तिचं डोकंच फिरलं.

घरभरणीला सासू-सुना पुढं चालत गेल्या. निघताना शिवकांतानं जड जातं आपणहून दारात काढून ठेवलं, म्हातारीला दळायला लागंल म्हणून. मागनं तिचा नवरा बलभीम सामानाची बैलगाडी घेऊन आला.

गाडीतनं पहिली उतरली ती शिवकांताची माहेरची ट्रंक. मग लेकरांची वाकळ. मग जातं.

दगडाबाईनं काड्यापेटी सुनेच्या हातात दिली.

"पेटव. जिची चूल, तिच्याच हाताचं माप घेतेत." अन् ती रिकाम्या गाडीत चढून बसली. "चल बलभीमा, मला गावात सोड. एकटं ऱ्हाण्यासारखं सुख न्हाय म्हणं."