समोरची खुर्ची

विस्कॉन्सिनमधला तो काकडीच्या लोणच्याचा कारखाना आज विकला जाणार होता. मॅनेजर डोरीन कॉफीचे दोन कप घेऊन आत आली, तर टेबलाशी एकटा प्रेस्टनच बसलेला. कारखाना ज्या गुंतवणूक फंडाच्या मालकीचा, त्या फंडाचा माणूस.

"घेणारे आले नाहीत अजून?"

"आलेत की. आमचाच दुसरा फंड घेतोय. त्यांच्याकडूनही मीच."

मग टेबलावरची लोणच्याची बरणी हातात धरून तो तोंड भरून कौतुक करू लागला. यंत्रं ठणठणीत, माणसं तर सोन्यासारखी! एवढं बोलून तो उठला, समोरच्या खुर्चीत जाऊन बसला आणि त्याने नाक मुरडलं. "यंत्रं भंगार. माणसं नुसती खोगीरभरती. निम्मी काढा, मग बोलू."

तसाच धावत पहिल्या खुर्चीत परत. "खबरदार! घरची माणसं आहेत ती आमची!"

डोरीनला भरून आलं.

दुपारपर्यंत घासाघीस चालली. दोन्ही कप त्यानेच रिकामे केले. शेवटी घाम पुसत तो तिच्याजवळ आला.

"डोरीन, तुमच्या माणसांसाठी जीव तोडून भांडलो हो मी. पण तो समोरचा हलकट काही ऐकेचना."