निळ्या गाडीचे काळे दोरे

संग्रामला विचारायची सवयच नव्हती. आई ठकुबाईंच्या घरी यायचा, पंखा बदलायचा, शेगडी बदलायचा, आणि वर म्हणायचा, "बघ आई, किती बरं झालं." गेल्या रविवारी त्यानं तिच्या निळ्या गाडीचं बॉनेट उघडलं. मोबाईलवर व्हिडिओ लावून कार्बोरेटर काढला, धुतला, परत बसवला. सोमवारपासून गाडी जागेवर उभी असताना चालू राहीना. पळताना बरी पळे. सिग्नलला पाय काढला की हुडहुडी भरल्यासारखी थरथरे आणि बंद पडे.

त्या सोमवारी जालहळ्ळी क्रॉसच्या सिग्नलला ती तीनदा बंद पडली. मागच्या सीटवर जेवणाचे चाळीस डबे होते. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतली माणसं साडेबाराला हात धुऊन दारात येतात. ठकुबाई पोचल्या सव्वाला, आणि निम्मी आमटी पिशव्यांत सांडलेली. नवरा कृष्णाजी गेल्यावर सुद्धा त्यांनी चौदाव्या दिवशी डबे वेळेवर पोचवले होते. उशीर झाला म्हणून त्यांना कुणी काही बोललं नाही. तेच त्यांना लागलं.

गुरुवारी संग्राम सुट्टी काढून बेळ्ळंदूरहून आला तो भंगारवाल्याला सांगूनच.

"इंजिन संपलंय, आई. पंचवीस वर्षांची गाडी. अकराला माणूस येतोय न्यायला. तू पण चल आता आमच्याकडे. बाराव्या मजल्यावरून अख्खं तळं दिसतं."

"तळ्याला डबा पोचवायचाय का मला?" ठकुबाई म्हणाल्या.

गल्लीतला मंजुनाथ मेकॅनिक सकाळपासून बॉनेटमध्ये डोकं घालून होता. त्यानं हात पुसले. "अक्का, इंजिन सरी आहे, एकदम ठीक. या बारीक रबरी नळ्या आहेत ना, सहा, यातनं इंजिन हवा ओढतं. कुठली तरी इंजिनाच्या भलत्याच तोंडाला लागलीय. पण कुठली कुठं, हे या जुन्या मॉडेलचं आता कोणाला पाठ असणार?"

"मी सगळं नेट शोधलं," संग्राम म्हणाला. "कुठंच लिहिलेलं नाही."

"नळ्यांवर दोरे होते ते?" ठकुबाईंनी विचारलं.

संग्राम हसला. "ते काळे दोरे? नळीला एक, ती लागते त्या तोंडाला एक! कापून टाकले. अगं, गाडीच्या पोटात कुणाची दृष्ट लागणार होती? पुढं लिंबू-मिरची बांधतेस ती पुरत नाही?"

मंजुनाथनं मान खाली घातली. इतक्या वर्षांत त्या दोऱ्यांना हात लावायची त्याची छाती झाली नव्हती.

"कुठं टाकले?"

"कचऱ्यात. सोमवारीच गेले."

ठकुबाईंनी पदर खोचला. "मंजुनाथ, स्वल्प सरक."

"आई, हात भाजून घेशील. तुला यातलं काय कळतं? औषधाच्या बाटलीवरचं नाव तू माझ्याकडून वाचून घेतेस."

"अकरापर्यंत गाडी माझी आहे ना? मग अकरापर्यंत गप उभा राहा."

त्यांनी सहाही नळ्या एका टोकानं सोडवल्या आणि नुसत्या लोंबू दिल्या. रबर जुनं होतं. वर्षानुवर्षं ज्या अंगाला वळून बसलं होतं त्याच अंगाला वळत होतं. ठकुबाईंनी डोळे मिटून एकेका नळीवरनं बोट फिरवलं. चार नळ्या आपापल्या तोंडाशी आपसूक गेल्या. उरलेल्या दोघींना संग्रामनं एकमेकींच्या जागी ताणून कोंबलं होतं. त्यांनी त्या सोडवून आपापल्या घरी लावल्या आणि हात झटकला.

"सेल्फ मार."

मंजुनाथनं चावी फिरवली. गाडी एकदा खोकली. मग तिचा आवाज खाली आला आणि एका जागी बसला. ठकुबाईंनी बॉनेट लावलं, आतून आमटीची काठोकाठ भरलेली वाटी आणली आणि त्याच्यावर ठेवली. तवंग थरथरला. काठ ओलांडून एक थेंब आला नाही.

अकराला पाच कमी असताना भंगारवाला आला. त्यानं वाटीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "साहेब, ही तर चालू आहे की," म्हणाला आणि आल्या पावली गेला.

मंजुनाथ डबे गाडीत ठेवायला लागला. ठकुबाईंनी आतून काळ्या दोऱ्याचं रीळ आणलं, वाटी उचलून बॉनेट परत उघडलं आणि पहिल्या नळीला दोरा गुंडाळला.

संग्राम जवळ आला. त्याचा आवाज उतरला होता. "आई, खरं सांग. तू हे कुठं लिहून ठेवलं होतंस का?"

त्या दोरा आवळत होत्या. नळीवर एक गाठ. ती लागते त्या तोंडावर एक गाठ. दुसऱ्या नळीवर दोन, तिच्या तोंडावर दोन. संग्रामनं गाठी मोजल्या. मग त्याची नजर मागच्या सीटवर गेली. डब्यांच्या चाळीस पिशव्यांना चाळीस काळे दोरे होते. पहिल्या गल्लीच्या पिशव्यांना एकेक गाठ, दुसऱ्या गल्लीच्या पिशव्यांना दोन-दोन.

ठकुबाईंनी तिसऱ्या नळीचा दोरा दातानं तोडला आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "दृष्टीचे दोरे नव्हते रे ते, माझं अक्षर होतं. कॉलेजं करून आलास, आणि आईचं लिहिलेलं कात्रीनं कापून कचऱ्यात टाकलंस. अडाणी तू आहेस, संग्राम."