अंगणातली नदी

"अहो, लेंगा वर घ्या, भिजेल!" पायरीवरून पाय खाली सोडून बसलेल्या कुमुदताई म्हणाल्या.

अंगण कोरडं ठणठणीत होतं. आळीतली मांजरं अबोलीच्या वाफ्यात घाण करायची, म्हणून वैतागून भार्गवरावांनी भिंतीवर ते यंत्र बसवलं होतं. त्याच्या लहरी मेंदूला लागल्या की मांजराला समोर पाणीच पाणी दिसायचं. माणसांना काही होत नाही, असं विकणारा म्हणाला होता. पण विसरण्याच्या आजाराने कुमुदताईंचं मन दुबळं झालेलं. त्यांना अंगणात माहेरची नदी दिसू लागली. नदीकाठी बसल्या की त्या नवऱ्याला ओळखत. यंत्र बंद केलं की विचारत, "तुम्ही कोण?"

मांजरं मात्र बिलंदर. महिन्याभरात त्यांनी पाण्याचं सोंग ओळखलं. आता ती नदीतून खुशाल चालत येतात, अबोली उकरतात आणि घाण करून जातात.

"मग बंद करा की तो डबा," शेजारी म्हणतात.

भार्गवराव मांजरांना शिव्या घालत रोज घाण उचलतात. मग लेंगा गुडघ्यापर्यंत वर धरून, जपून पाय टाकत, पायरीकडे निघतात.