जाड तार

उकंड मिस्त्री जेवायला बसले, की हिंगोलीच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून हाक आलीच म्हणून समजा. "मिस्त्री, तार जळाली!" विजेचा भार वाढला, की पेटीतली ती बारीकशी तार स्वतः जळून वीज तोडायची, आणि मिस्त्री उष्ट्या हातानं धावायचे.

"एकदाची जाड तार काहून न्हाई बसवत?" त्यांची बाळंतीण बायको चतुराबाई वैतागली. "उद्या लेकराचं बारसं हाय. उद्या तरी घरात ऱ्हावा."

"अगं, ती जळते म्हणून बाकीचं वाचतं."

"बसवा म्हणते ना मी! एका दिवसानं काय होतंय?"

बारशाला मिस्त्री घरात होते. पाळणा म्हणून झाला, पंगत उठली, तरी कुणी बोलवायला आलं नाही. "बघा, कसं बराबर झालं!" चतुराबाई हसली. तेवढ्यात जिनिंगच्या बाजूनं धुराचा लोट उठला.

तार जळाली नव्हती. कापूस जळाला होता, आणि यंत्रात कापूस घालणारी तांड्यावरची पारुबाईही.

दिवेलागणीला मिस्त्री एक तान्हं घेऊन परतले. "पारुबाईचं हाय. बाहेर लिंबाला बांधलेल्या झोळीत होतं म्हणून वाचलं. भुकेलंय."

चतुराबाईनं त्याला पदराखाली घेतलं. पोट भरल्यावर नव्या पाळण्यात, आपल्या लेकराशेजारी निजवलं.

"नाव काय ह्याचं?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "ठेवलं न्हाई अजून. ह्याच्या बारशासाठी आजची सुट्टी मागून राहिली होती ती. भेटली न्हाई."