मागच्या सीटचा खुळखुळाट

दुमडत्या कापडी टपाची ती जुनी गाडी दुरुस्तीला देताना मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "काचेपाशी वारा शिट्टी मारतो, तेवढं बघा. मागच्या सीटचा खुळखुळाट मात्र राहू द्या. तो वाजत असला की मला बरं वाटतं."

मिस्त्री मनातल्या मनात हसला. काचांचं रबर बदलून त्याने शिट्टी बंद केली, पण खुळखुळाट काही त्याला स्वस्थ बसू देईना. शेवटी मेहुण्याला मागे बसवून त्याने गाडी बाहेर काढली.

आवाज गायब. मेहुणा पुढे येऊन बसला, तर पुन्हा सुरू.

"हात्तिच्या!" मिस्त्री म्हणाला. "सीटचा सांगाडा सैल झालाय. कुणी बसलं की दबतो, सीट रिकामी असली की वाजतो. दोन बोल्ट आवळले की झालं."

मेहुण्याला घरी सोडून तो एकटाच परत निघाला. टप चढवलेला, काचा बंद, वाऱ्याचा मागमूस नाही. त्यामुळे मागचा खुळखुळाट आणखीच डोक्यात जात होता.

"वाज, वाज," तो करवादला. "गॅरेजला पोचू दे, तुझा आवाजच बंद करतो."

सिग्नलला गाडी थांबली. मग निघाली. खड्डा आला आणि गेला. दुसराही गेला.

मागे काहीच वाजलं नाही.

मिस्त्रीने मुद्दाम एका मोठ्या खड्ड्यात चाक घातलं. मग त्याच्या पुढच्यात. आरशात मात्र त्याने पाहिलं नाही.

"वाज की रे," तो हळूच म्हणाला. "वाज ना."