नवऱ्याचं पत्र

विमा कंपनीतल्या साहेबांनो, बाईच्या जखमेला तुम्ही नखरा म्हणालात!

भावना द्रोणागिरीच्या गोदामात दिवसभर चालून पेट्या भरते. तिच्या योनीचे ओठ वाढलेले, कपड्याला घासून सोलवटायचे, रक्त यायचं. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं, ऑपरेशन करायलाच हवं. भावनाने लाज गिळून फोटोसुद्धा पाठवले. तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा कंपनीचं उत्तर तेच : "हे ऑपरेशन सौंदर्यासाठी आहे, वैद्यकीय गरज दिसत नाही."

"सौंदर्य? तिथं काय मी टिकली लावून मिरवणार हाय?" ती कंपनीला फोन लावून ओरडली. पलीकडची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मिस्टरांचं पत्र जोडून बघा ना."

तिने जीवनला, नवऱ्याला, समोर बसवलं. "जास्त काय नको. मला चालताना किती तरास होतो, तेवढं लिव." त्याने मोबाइलवर लिहिलं आणि तिला न दाखवताच पाठवूनही दिलं. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली.

"बघ! तुज्या तीन अर्जांनी जमलं नाय, ते माज्या एका ओळीनं केलं," जीवन मिशीत हसला. तिने त्याचा मोबाइल ओढून घेतला. ओळ होती : 'बायकोच्या या अडचणीमुळे मला नवरा म्हणून सुख मिळत नाही.'

मंजुरीच्या मेसेजखाली भावनाने टाईप केलं आणि तेच जीवनलाही पाठवलं.



"दुखत कोणाला होतं? उत्तर द्या."